गेटवरचं शून्य

सानपांनी आपली वळकटी केबिनमधून खाली टाकली. मागोमाग रॉकेलचा स्टोव्ह उतरवला, मग पितळी तांब्या. खंडोबाची तसबीर मात्र हातात धरून ते स्वतःच खाली आले. सगळा संसार ट्रेलरच्या सावलीत मांडून झाल्यावर त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"मॅडम, ही ठिवा. मालकाचा फोन आला व्हता. दुसरा ड्रायव्हर निघालाय तिकडून. म्या एसटीनं जातो गावाला."

"किल्ली मी कशी घेऊ? मी कारखान्याची माणूस, तुमच्या मालकाची नाही."

"मंग कोनाला देऊ? तळेकर साहेब घेत न्हाईत. अन् शहासने साहेब तर माझ्याकडं बघत बी न्हाईत."

मी किल्ली घेतली नाही. त्यांनी ती तांब्यात टाकली आणि वळकटीवर बसून तंबाखू मळायला घेतली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नाशिकजवळच्या ज्या कारखान्यात मी तेव्हा नोकरीला होते, तिथं वीज उपकेंद्रांचे मोठे ट्रान्सफॉर्मर तयार होत. एक ट्रान्सफॉर्मर म्हणजे दोन खोल्यांचं घर उचलून गाडीवर ठेवल्यासारखा ऐवज. तो न्यायला ट्रेलरही तसाच लागे, चाकांच्या रांगाच रांगा असलेला, आणि तो चालवायला भानुदास सानपांसारखा माणूस. सानप बीडकडचे. अंगानं किरकोळ, आवाज मात्र दोन शेतं ओलांडून जाईल असा. वीस वर्षं ते असलीच अवजड ओझी वाहत होते आणि त्यांच्या गाडीला कधी ओरखडा उठला नव्हता.

त्या खेपेचा ट्रान्सफॉर्मर फोंडा घाट उतरून कोकणातल्या एका नव्या उपकेंद्रात जायचा होता. गाडी सुखरूप पोचली, पण उपकेंद्राच्या आवारात आल्यावर अडली. अडवणारे होते वीज कंपनीचे अभियंता तळेकर, आणि कारण होतं ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर स्क्रूनं आवळलेला एक करडा डबा.

हा डबा म्हणजे धक्के मोजणारं यंत्र. ट्रान्सफॉर्मर बाहेरून कितीही दांडगा दिसला तरी आतून तो फार नाजूक असतो. वाटेत जोराचा हिसका बसला तर आतलं काहीतरी हलतं आणि वीज सोडल्याबरोबर सगळंच भस्म होतं. म्हणून डबा सोबत जातो आणि पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली असे तिन्ही दिशांचे हिसके वाटभर टिपत राहतो. प्रत्येक दिशेला एक लाल रेघ ठरलेली असते. ती ओलांडली की माल परत.

तळेकरांनी लॅपटॉपवर आलेख उघडला तेव्हा पुढे-मागेच्या रेषेनं घाटात लाल रेघ चक्क ओलांडलेली होती. तीही ब्रेक मारल्याच्या बाजूला.

आम्हाला फोन आला आणि मी व शहासने साहेब गाडी करून निघालो. साहेब गुणवत्ता विभागाचे प्रमुख. मला त्यांनीच घडवलं होतं. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते आणि हा त्यांच्या हातून रवाना झालेला शेवटून दुसरा ट्रान्सफॉर्मर. वाटभर ते एवढंच म्हणाले, "सानपकडून ही अपेक्षा नव्हती."

आल्या आल्या सानपांना विचारून झालं होतं. त्यांचं म्हणणं एकच. "म्या कचकन ब्रेक मारलाच न्हाई. पोटातलं पानी हलू देलं न्हाई त्याच्या."

"मग हे काय आहे?" तळेकरांनी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "हे बघा. थोडा वेळ नाही, सलग ब्रेक दाबून धरलाय."

"ते मला काय कळतंय साहेब. म्या गाडी वळखतो, रेघोट्या न्हाई."

तळेकर काही वाईट माणूस नव्हते. उद्या त्याच ट्रान्सफॉर्मरशेजारी त्यांची माणसं उभी राहणार होती, त्यामुळे ते नियमाला चिकटून होते आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. पण तेवढ्यावर सानपांचा निकाल लागला होता. ज्याच्या नावावर लाल रेघ, त्याला अवजड ओझं पुन्हा कोणी देत नाही. मालकानं फोनवर तेच सांगितलं होतं. आता वाळूचा ट्रक मिळाला तरी पुष्कळ, असं सानप कोणालाही न उद्देशून म्हणाले.

मी लॅपटॉप मागून घेतला आणि कंट्रोल रूमच्या पायरीवर जाऊन बसले. सानप निर्दोष असतील असं तेव्हा माझ्या मनात नव्हतं. आलेख होता आणि तो वाचणं माझं काम होतं, इतकंच.

रेषेत एक गोष्ट मला खटकली. चालत्या ट्रेलरची रेषा कधी सरळ नसते. रस्ता कितीही चांगला असो, ती बारीक थरथरत राहते. लाल रेघ ओलांडलेला भाग मात्र फूटपट्टी लावून ओढल्यासारखा सरळ होता.

मी उठून सानपांकडे गेले. "घाटात कुठं थांबला होतात?"

त्यांनी जरा बिचकून बघितलं. घाटात थांबायला मनाई असते.

"खरं सांगा. त्यानं तुमचं भलंच होईल."

"थांबलो व्हतो. खालून एसटी वर येत व्हती. त्या वळनावर दोन गाड्या मावत न्हाईत. मंग चाकाला दगडं लावली आन् उभा ऱ्हायलो. ती गेली का मंग निघालो."

"म्हणजे गाडी जागेवर होती?"

"जागेवर म्हंजे? हालली असती तर आज हितं बसलो असतो व्हय?"

मला हसू आलं. ज्या गुन्ह्यासाठी सानपांची वळकटी खाली उतरली होती, तो घडला तेव्हा त्यांची गाडी चाकांना दगड लावून उभी होती.

मी तळेकरांना जाऊन सांगितलं. तेही अभियंता होते, त्यांना समजवायला वेळ लागला नाही. डब्याच्या आत स्प्रिंगला टांगलेलं एक बारकंसं वजन असतं. गाडीनं ब्रेक मारला की ते पुढे झुकतं. पण गाडी उतारावर नाक खाली करून नुसती उभी राहिली, तरीही ते आपल्याच वजनानं पुढे झुकतं. एसटीत डोळे मिटून उभं राहिलं तर ड्रायव्हरनं ब्रेक लावला की रस्ता उतरला, हे पायांना कळत नाही, तसंच त्याचं. आत बसलेल्याला बाहेरचं दिसत नाही.

"उलट यांनी ब्रेक सोडून गाडी घरंगळू दिली असती, तर हीच रेषा खाली आली असती," मी म्हणाले.

"आणि ट्रान्सफॉर्मर दरीत," तळेकर म्हणाले. मग त्यांनी मान हलवली. "मॅडम, पटतंय मला. पण फॉर्मवर रेघ ओलांडली की नाही एवढंच विचारलंय. का ओलांडली ते लिहायला रकाना नाही. आणि दुसरं सांगू? घाट म्हटला की उतार आलाच. तो धरूनच ही रेघ ठरवलेली आहे. नुसत्या उतारानं ती ओलांडली जाता कामा नये."

हे मात्र बिनतोड होतं. नुसता उतार एवढं दाखवणार नाही. त्यात आणखी काहीतरी मिसळलेलं होतं.

मी परत ट्रेलरपाशी गेले. शिडी चढून डब्याच्या छोट्या पडद्यावर बघितलं. गाडी आवारात, काँक्रीटवर, सपाट उभी होती. आणि डबा दाखवत होता की गाडी ब्रेक मारते आहे. फार नाही, थोडासाच, पण न थकता.

ते बघितल्यावर मला गेटची आठवण झाली.

आमच्या कारखान्यातून ट्रान्सफॉर्मर बाहेर पडायचा तो लग्नातल्या नवरीसारखा. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, ट्रेलरच्या तोंडाला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. गाडी गेटमध्ये आणून उभी करायची, नारळ फुटायचा, आणि नारळ फुटला की सगळ्यांत ज्येष्ठ माणसानं शिडी चढून डब्याचं बटण दाबायचं. त्याला आम्ही शून्य धरणं म्हणत असू. बटण दाबलं की डबा त्या घडीला जसा बसलेला असेल तीच सपाट जमीन मानतो आणि पुढची सगळी वाट त्यावरून मोजतो. तो मान कित्येक वर्षं शहासने साहेबांचा होता. पांढरा शर्ट घालून यायचे त्या दिवशी.

पण गेटसमोरचा रस्ता अलीकडेच काँक्रीटचा झाला होता आणि चांगला हातभर वर आला होता. मग गेटमध्ये चढ करून घ्यावा लागला. नारळ फुटायचा तेव्हा ट्रेलर आता नाक वर करून उभा असायचा.

साहेब आवाराच्या कडेला जांभळाखाली खुर्ची टाकून बसले होते. कारखान्यातून फोन आला होता, तो नुकताच संपला होता.

"वर्क्स मॅनेजर म्हणतायत, यंत्रात बिघाड होता असं लिहून द्या आणि मोकळे व्हा," ते म्हणाले. "वाद नको."

"मग सानपांचं काय होईल?"

"यंत्रच बिघडलं म्हटल्यावर त्यानं ब्रेक मारला की नाही, कळायचा मार्ग नाही. त्याचा मालक काय करायचं ते करेल."

"करतोयच. सामान खाली उतरलंय त्यांचं."

साहेबांनी फोन खिशात ठेवला. मी उभीच होते. त्यांच्यापुढे असं बोलायची मला सवय नव्हती, आणि जे बोलायचं होतं ते बोलायची तर मुळीच नव्हती.

"साहेब, शून्य कुठं धरलं?"

"गेटवर. नेहमीसारखं. तू होतीस की शिडीखाली."

"गेट चढावर आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी असाच एक डबा टेबलावर ठेवून विचारलं होतं, हा नुसता पडलाय, तरी उभ्या दिशेला शून्य का दाखवत नाही? मला उत्तर आलं नव्हतं. तेव्हा ते म्हणाले होते, पृथ्वी कधी रजेवर जात नाही, हेमांगी. बटण दाबून शून्य धरलं नसेल, तर डबा हातातून सुटून पडायला लागला तरच तो शून्य दाखवेल, बाकी कधी नाही. ते वाक्य मी त्यांना ऐकवलं नाही. गरजही नव्हती, त्यांच्या चेहऱ्यावर ते मला दिसलं.

"रस्ता वर आल्यापासून आपले किती ट्रान्सफॉर्मर असे गेले असतील?" त्यांनी हळूच विचारलं.

"गेले असतील. पण ते सगळे सपाटीला गेले, मराठवाड्याकडे. घाट उतरणारा हा पहिलाच."

साहेबांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. तो माणूस कीव करण्यासारखा नव्हता.

"तळेकरांना सांगितलंस?"

"नाही. आधी तुमच्याकडे आले."

"का?"

त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "पाना आण."

डब्याला दोन्ही बाजूंची सीलं होती. आमचं एक, वीज कंपनीचं एक. ती माल उतरवायच्या आधी तोडायची म्हणजे सगळी जोखीम अंगावर घ्यायची. काही सिद्ध झालं नाही तर पुरावा आम्हीच नासवला असं म्हणायला कोणीही मोकळा. तळेकर धावतच आले.

"शहासने साहेब, हे काय करताय? सील तुटलं तर मला काहीच करता येणार नाही."

"सही करतो. माझ्या नावावर," साहेब म्हणाले. "तुम्ही समोर उभे राहा फक्त."

साहेब शिडी चढले. या खेपेला अंगात पांढरा शर्ट नव्हता. सानप वळकटीवरून उठले आणि न सांगता शिडी धरून उभे राहिले. इतक्या वेळात साहेबांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं.

डबा कंट्रोल रूममध्ये नेला. नव्या फरश्यांचा कोरा वास येत होता. साहेबांनी डबा जमिनीवर ठेवला, त्याचं तोंड दाराकडे करून. पडद्यावर तोच आकडा आला, ब्रेकचा.

"फरशीला उतार असेल," तळेकर म्हणाले. "पाणी जावं म्हणून ठेवतात."

"असेल," साहेब म्हणाले. "उतार असेल तर डबा उलटा फिरवल्यावर आकडाही उलटा होईल. आता त्याला पुढे झुकल्यासारखं वाटतंय, मग मागे वाटेल. बरोबर?"

"बरोबर."

"आणि खोट शून्यातच असेल तर तो कुठंही तोंड करून बसला तरी तेच म्हणत राहील."

त्यांनी डबा अर्धा फिरवला. आता त्याचं तोंड भिंतीकडे होतं. आम्ही चौघेही वाकलो होतो. सानपांना पडद्यावरचं काही समजत नव्हतं, तेही वाकले होते.

आकडा तोच होता. ब्रेक.

साहेबांनी डबा पुन्हा फिरवला, आणि पुन्हा. डबा प्रत्येक दिशेला तोंड करून तेच सांगत राहिला.

"यंत्रात बिघाड आहे म्हणायचा," तळेकर म्हणाले. त्यांनीही सुटका देऊ केली होती, आणि ती मनापासून होती.

"नाही," साहेब जमिनीवरून उठत म्हणाले. "यंत्र एकदम बरोबर आहे. त्याला आम्ही चढावर उभं करून सांगितलं, बाबा रे, ही सपाट जमीन. त्यानं ते मानलं. तसंच लिहा. शून्य चुकीच्या जागी धरलं, आणि धरणाऱ्याचं नाव माझं."

पुढचं काम हिशेबाचं होतं. फरशीवरचा आकडा सगळ्या प्रवासातून वजा करायचा. मी वजा केला आणि घाटातली ती सरळ रेषा लाल रेघेच्या चांगली खाली येऊन बसली. सानप माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांना एवढंच कळलं की रेष खाली आली.

"थांबा," तळेकर म्हणाले. "ब्रेकच्या बाजूचं उतरलं, तसं दुसऱ्या, वेग घेण्याच्या बाजूचं चढणार. चढावरचे आकडेही बघायला हवेत."

हेही बरोबर होतं. ज्या वजाबाकीनं सानप सुटत होते, तीच दुसऱ्या टोकाला त्यांना अडकवू शकत होती. मी आलेख मागे नेला. चढांवरच्या सगळ्या रेषा वर सरकल्या. कोल्हापूर सोडल्यावर एक टोक होतं, ते उठलं आणि लाल रेघेला जवळजवळ जाऊन भिडलं.

"हे कुठलं?" तळेकरांनी विचारलं.

मी जागा सांगितली. सानप मान खाली घालून उभे होते. ते बोलले नसते तरी चाललं असतं.

"तिथं गाडी बसत व्हती साहेब. म्हनून जरा जोरानं उचलली. ते मात्र म्याच केलं."

तळेकरांनी आलेख मोठा करून घेतला, पुन्हा मोठा करून घेतला. रेषा आणि लाल रेघ यांच्यात फट होती. बारीक, पण होती.

"खाली आहे," तळेकर म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. "उतरवून घ्या माल."

सानप बाहेर गेले. मी दारात जाऊन पाहिलं. त्यांनी आधी खंडोबाची तसबीर वर चढवली, मग स्टोव्ह, मग वळकटी. तांब्या उपडा करून किल्ली काढली, आणि तांब्या धुऊन पाणी भरून साहेबांना आणून दिला. साहेब ते घटाघटा प्याले.

कारखान्यात साहेबांचं कौतुक झालं नाही. बिघाड म्हणून भागत असताना स्वतःचं नाव कशाला लिहिलं, यावर वर्क्स मॅनेजरांनी त्यांना बरंच ऐकवलं. फिटरनं गेटवर लेव्हल लावली तर चढ अगदी फरशीवरच्या आकड्याएवढाच निघाला. त्यानंतर साहेबांना फारसं काही विचारलं जाईना. टेबल आवरून ते शांत बसलेले असायचे.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात एक ट्रान्सफॉर्मर निघाला. गाडी सानपांची होती. त्यांनी मालकाकडून मुद्दाम मागून घेतली होती, हे मला नंतर कळलं. गेटमध्ये नारळ फुटला, लिंबू चिरडलं, पण बटणाला कोणी हात लावला नाही. नवा नियम होता, शून्य बाहेर सपाटीवर धरायचं. गाडी चढ चढून रस्त्यावर आली आणि वजनकाट्याच्या मैदानात उभी राहिली. वर्क्स मॅनेजर पुढे झाले. साहेब सगळ्यांच्या मागे, कुंपणाला टेकून उभे होते. नेहमीच्या चौकड्यांच्या शर्टात.

सानप केबिनमधून उतरले. शिडी काढून टाकीला लावली आणि खालून दोन्ही हातांनी धरली. मॅनेजर पाय ठेवायला आले तरी ते शिडीपासून बाजूला होईनात. मॅनेजरांच्या डोक्यावरून त्यांनी आपल्या त्या दोन शेतं ओलांडणाऱ्या आवाजात हाक मारली.

"शहासने साहेब, या. टाइम हुतोय."

साहेबांनी मागूनच हात हलवला. "अरे नको. हा हात चुकलाय एकदा."

"हात न्हाई चुकला साहेब," सानप म्हणाले. "जागा चुकली व्हती. या."

मॅनेजर बाजूला झाले. साहेब आले, शिडी चढले, आणि चष्मा नीट करून त्यांनी बटणावर बोट ठेवलं. पडद्यावर तीन शून्यं आली. ती मी खालून मोठ्यानं वाचली. साहेबांचं बोट अजून बटणावरच होतं, आणि सानप शिडी घट्ट धरून, घाई नसल्यासारखे उभे होते.